आधुनिक फोर्ट्रान: 77 च्या पुढे जाऊ पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाइडनं हातात ठेवलेला जुना कोड, त्यात नवीन काहीतरी घालायचंय, आणि स्वतःचं फोर्ट्रान मात्र कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरतं. बहुतेक प्रश्न अशाच लोकांकडून येतात, म्हणून लूप, इफ आणि साधं रीड-राइट येतं असं इथे धरलंय. कीवर्ड आणि कंपायलरचे पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. फाइलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

1. फोर्ट्रान अजून कोणी वापरतं का? आता शिकून काय उपयोग?

हवामान, समुद्रविज्ञान, क्वांटम केमिस्ट्री, प्लाझ्मा फिजिक्स यांपैकी कशात काम करणार असाल तर पर्याय नाही. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल मुख्यतः फोर्ट्रानमध्ये आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत मान्सूनच्या अंदाजासाठी ज्या सीएफएस मॉडेलवर वर्षानुवर्षं काम झालं, तेही फोर्ट्रानचंच. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचा डेटा अनेक संशोधकांनी एआयपीएस या खगोलशास्त्राच्या पॅकेजमध्ये प्रोसेस केला. त्या पॅकेजच्या पोटातही फोर्ट्रान. पायथनमध्ये मॅट्रिक्सची समीकरणं सोडवता तेव्हा खाली लॅपॅक ही रेषीय बीजगणिताची लायब्ररी असते आणि तिची मूळ रूटीन याच भाषेत लिहिलेली आहेत.

वेबसाइट, अ‍ॅप किंवा डेटा सायन्सची नोकरी हवी असेल तर मात्र हे पान बंद केलंत तरी चालेल.

2. सर, मला 77 येतं. 'आधुनिक' म्हणजे नक्की कोणतं, आणि सुरुवात कुठून करू?

जॉन बॅकस यांच्या गटाचा पहिला कंपायलर 1957 मध्ये आयबीएम 704 वर आला. फोर्ट्रान 77 या जुन्या प्रमाणात ओळीचे पहिले 5 कॉलम लेबलला, सहावा पुढे चालू ठेवायला आणि 7 ते 72 मजकुराला, अशी विभागणी होती. भाषा खरी बदलली ती फोर्ट्रान 90 मध्ये: मोकळी मांडणी, मॉड्यूल, पूर्ण अ‍ॅरेवरची गणितं, अ‍ॅलोकेटेबल, स्वतःचे टाइप. 95 नं प्युअर आणि एलिमेंटल दिलं, 2003 नं ऑब्जेक्ट आणि सीशी अधिकृत जोडणी, 2008 नं को-अ‍ॅरे, सबमॉड्यूल आणि डू कॉन्करंट. 2018 आणि 2023 ही त्यानंतरची प्रमाणं.

शिकताना मात्र सालांच्या क्रमानं जाऊ नका. आधी मॉड्यूल (प्रश्न 6), मग काइंड, म्हणजे आकड्याची अचूकता ठरवणारा क्रमांक (प्रश्न 5), मग अ‍ॅरे पास करण्याच्या पद्धती (प्रश्न 8) आणि अ‍ॅलोकेटेबल (प्रश्न 9). एवढं पक्कं झालं की रोजचं बहुतेक काम निभतं. को-अ‍ॅरे आणि क्लास दिसायला आकर्षक, म्हणून मुलं तिथूनच सुरुवात करतात आणि इंटरफेसच्या एररमध्ये अडकून बसतात.

3. कंपायलर कोणता घेऊ?

जीफोर्ट्रान. फुकट आहे, सगळीकडे मिळतो. इंटेलचा आयएफएक्स आणि एनव्हिडियाचा एनव्हीफोर्ट्रान हेही पैसे न देता मिळतात. इंटेलचा जुना आयफोर्ट आता बंद झालाय, त्यामुळे त्याच्या नावानं लिहिलेल्या मेकफाइल बदलाव्या लागतील. शक्य असेल तर कोड दोन वेगळ्या कंपायलरांतून काढा. एकाला न दिसलेली चूक दुसरा सहज पकडतो.

शिकत असताना हे पर्याय कायम चालू ठेवा: `-वॉल`, `-जी`, `-एफबॅकट्रेस`, `-एफचेक=ऑल`. प्रोग्राम हळू चालेल, चालू दे.

4. 'इम्प्लिसिट नन' प्रत्येक सबरूटीनमध्ये लिहायलाच हवं का?

मॉड्यूलच्या वरच्या भागात एकदा लिहिलं की 'कंटेन्स'खालच्या सगळ्या सबरूटीन-फंक्शनना लागू होतं. अपवाद इंटरफेस ब्लॉकचा. त्याच्या आतल्या घोषणांना बाहेरचं काहीच दिसत नाही, त्यामुळे तिथे ते पुन्हा लिहावं लागतं, आणि मॉड्यूलमधला काइंड हवा असेल तर 'इम्पोर्ट'ही.

2018 पासून `इम्प्लिसिट नन (टाइप, एक्स्टर्नल)` असं लिहिता येतं. मग न सांगितलेलं बाहेरचं सबरूटीन कॉल केलं तरी कंपायलर अडवतो. नव्या कोडमध्ये हेच वापरा.

5. रिअल*8, डबल प्रिसिजन, काइंड=8, रिअल64... यातलं बरोबर कोणतं?

`रिअल*8` प्रमाणात कधीच नव्हतं, चालतं ते कंपायलरांच्या कृपेनं. `काइंड=8` जीफोर्ट्रान आणि इंटेलवर चालेल, पण काइंडचा आकडा म्हणजे बाइट असा नियम नाही; एनएजीच्या कंपायलरमध्ये मुळात डबलचा काइंड 2 असतो. 'आयएसओ फोर्ट्रान एन्व्ह' मॉड्यूलमधून रिअल64 घ्या, त्याला 'डीपी' असं छोटं नाव द्या आणि सगळीकडे तेच वापरा.

यापेक्षा मोठा घोळ उजव्या बाजूच्या आकड्यांत असतो. `रिअल(डीपी) :: एक्स` आणि नंतर `एक्स = 0.1` लिहिलं, तर 0.1 हा आधी सिंगल प्रिसिजनमध्ये बनतो आणि मग डबलमध्ये भरला जातो. एक्समध्ये येतं 0.10000000149..., म्हणजे सातव्या-आठव्या अंकानंतर कचरा. `0.1_डीपी` लिहायला हवं. डावीकडचा टाइप उजवीकडच्या गणितावर परिणाम करत नाही, हा नियम फोर्ट्रानमध्ये सगळीकडे लागू आहे. म्हणूनच `एक्स = 1/3` चं उत्तर शून्य येतं, आणि `2**(-1)` चंही शून्यच, कारण दोन्ही पूर्णांकांची गणितं आहेत.

`-एफडिफॉल्ट-रिअल-8` देऊन सगळे रिअल डबल करायचा जुगाड पुष्कळ जण करतात. स्वतःच्या एका फाइलपुरतं ठीक. बाहेरची लायब्ररी जोडली की ती सिंगलची वाट पाहत असते आणि तुम्ही डबल पाठवत असता. शिवाय जीफोर्ट्रानमध्ये या पर्यायानं 'डबल प्रिसिजन' लिहिलेले व्हेरिएबल 16 बाइटचे होतात आणि प्रोग्राम कासवगतीनं चालायला लागतो.

6. सबरूटीन मॉड्यूलबाहेरही चालतंच की! आत टाकून फायदा काय?

बाहेर ठेवलेलं सबरूटीन कॉल करताना कंपायलरला त्याचे आर्ग्युमेंट किती आणि कोणत्या टाइपचे हे ठाऊक असेलच असं नाही. तुम्ही जे द्याल ते तो मुकाट्यानं पाठवतो. रिअलच्या जागी इंटिजर गेला तरी लिंक होतं, चालतं आणि चुकीचा आकडा छापून मोकळं होतं. मॉड्यूलमध्ये ठेवलं की तपासणी कंपाइल होतानाच होते.

आणि ही नुसती शिस्तीची बाब नाही. अ‍ॅशूम्ड-शेप अ‍ॅरे, ऑप्शनल आर्ग्युमेंट, अ‍ॅलोकेटेबल आर्ग्युमेंट, अ‍ॅरे परत देणारं फंक्शन, यांतलं काहीही वापरायचं तर कॉल करणाऱ्याला पूर्ण इंटरफेस दिसणं सक्तीचंच आहे. 'इंटेंट'ही लिहा, इन, आउट की दोन्ही हे तुम्हाला माहीतच असतं, ते कंपायलरला सांगायला काय जातं?

याच संदर्भात अनेकांचा जुना कोड जीसीसी (जीफोर्ट्रान ज्यात येतो तो कंपायलरांचा संच) 10 नंतर अचानक कंपाइल होईनासा झाला. एकाच सबरूटीनला दोन ठिकाणांहून वेगवेगळ्या टाइपचे आर्ग्युमेंट दिले, तर जीफोर्ट्रान तेव्हापासून वॉर्निंगऐवजी एरर देतो. `-एफअलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच` दिलं की पुन्हा वॉर्निंगवर येतो. दुसऱ्याचं पॅकेज नुसतं इन्स्टॉल करायचं असेल तर द्या. स्वतःच्या कोडमध्ये हा एरर म्हणजे फुकटात सापडलेला बग आहे.

7. नेटसीडीएफ (हवामानासारख्या डेटाच्या फाइलींची लायब्ररी) इन्स्टॉल आहे, तरी 'मॉड फाइल वाचता येत नाही' असं येतं. का?

मॉड फाइल, म्हणजे मॉड्यूल कंपाइल झाल्यावर बनणारी फाइल, ही त्या-त्या कंपायलरची खाजगी मालमत्ता. जीफोर्ट्राननं बनवलेली आयएफएक्सला वाचता येत नाही. जीफोर्ट्रानच्याच फार जुन्या आवृत्तीची नव्याला चालेल याचीही खात्री नाही. ज्या कंपायलरनं तुमचा कोड काढणार त्यानंच नेटसीडीएफ-फोर्ट्रान बांधा. क्लस्टरवर असाल तर त्या कंपायलरशी जुळणारं क्लस्टरचं मॉड्यूल (फोर्ट्रानचं नव्हे, `मॉड्यूल लोड` कमांडचं) लोड करा.

जाता जाता: मॉड्यूलमधली एक ओळ बदलली की ते वापरणाऱ्या सगळ्या फाइल पुन्हा कंपाइल होतात, ही तक्रार असेल तर सबमॉड्यूल पाहा. मॉड्यूलमध्ये फक्त इंटरफेस ठेवायचा आणि प्रत्यक्ष कोड सबमॉड्यूलमध्ये. आतला कोड बदलला तरी इतरांना धक्का लागत नाही.

8. अ‍ॅरे पास करताना `ए(एन)`, `ए(*)` आणि `ए(:)` यांत काय फरक?

या पानावरचं एकच उत्तर नीट वाचणार असाल तर हे वाचा.

`ए(एन)` आणि `ए(*)` या 77 च्या पद्धती. सबरूटीनला फक्त सुरुवातीचा पत्ता मिळतो. पहिल्यात लांबी तुम्ही सांगितलेली खरी मानली जाते, दुसऱ्यात लांबी माहीतच नसते. `ए(:)` म्हणजे अ‍ॅशूम्ड-शेप. इथे पत्त्यासोबत आकार आणि दोन घटकांमधलं अंतर यांचा तपशीलही जातो. म्हणून `साइझ(ए)` बरोबर येतं, पूर्ण अ‍ॅरेची गणितं करता येतात आणि `-एफचेक=ऑल` हद्दीबाहेरचा इंडेक्स पकडतं. `ए(*)` च्या शेवटच्या मितीत ते पकडू शकत नाही, कारण हद्दच ठाऊक नसते.

आता वेगाची बाजू. फोर्ट्रान मॅट्रिक्स स्तंभाप्रमाणे साठवतो, म्हणजे पहिला इंडेक्स मेमरीत सलग असतो. त्यामुळे आतलं लूप पहिल्या इंडेक्सवर हवं. सी किंवा नमपायवरून आलेले नेमकं उलटं लिहितात. `ए(:,जे)` हा सलग तुकडा आहे, `ए(आय,:)` नाही. असा विखुरलेला तुकडा 77 पद्धतीच्या सबरूटीनला दिला तर कंपायलर गुपचूप त्याची सलग प्रत काढतो, ती पाठवतो आणि काम झाल्यावर परत मूळ जागी भरतो. लाखो वेळा चालणाऱ्या लूपमध्ये हे घडत असेल तर सगळा वेळ प्रती काढण्यातच जातो. `-डब्ल्यूअ‍ॅरे-टेम्पररीज` दिलं की जीफोर्ट्रान अशा जागा दाखवतो. अ‍ॅशूम्ड-शेपला प्रत लागत नाही, पण घटक सलग आहेत याची खात्री नसल्यानं आतलं गणित थोडं मंद होऊ शकतं. सलग अ‍ॅरेच येणार हे ठाऊक असेल तर 'कंटिग्युअस' लिहा.

आणि या प्रश्नाची खोच. तुमचा अ‍ॅरे `ए(0:एन)` असा शून्यापासून सुरू होतो आणि तो `ए(:)` मध्ये पाठवला, तर आत गेल्यावर त्याची सुरुवात 1 पासून होते. आकार जातो, खालची हद्द जात नाही. घोस्ट सेल (कडेची जादा घरं) असलेल्या ग्रिडवर काम करणारे इथे हमखास एका घरानं सरकतात, आणि उत्तर इतकं थोडं चुकतं की पटकन लक्षातही येत नाही. उपाय म्हणजे आत `ए(0:)` असं लिहिणं. अपवाद: आर्ग्युमेंट अ‍ॅलोकेटेबल किंवा पॉइंटर असेल तर मूळ हद्दी तशाच राहतात.

9. अ‍ॅलोकेटेबल वापरू की पॉइंटर?

अ‍ॅलोकेटेबल. पॉइंटर फक्त लिंक्ड लिस्ट किंवा ट्री बांधताना, किंवा एकाच डेटाकडे दोन नावांनी खरंच पाहायचं असेल तेव्हा. सबरूटीनमधला साधा अ‍ॅलोकेटेबल अ‍ॅरे बाहेर पडताना आपोआप मोकळा होतो. पॉइंटरची मेमरी तुम्हीच सोडायची, आणि विसरलात तर गळती. शिवाय दुसरं कोणी या मेमरीकडे पाहत नाही हे अ‍ॅलोकेटेबलच्या बाबतीत कंपायलरला ठाऊक असतं, म्हणून कोडही वेगवान निघतो.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. 2003 पासून `ए = बी` लिहिल्यावर आकार वेगळा असेल तर डावीकडचा अ‍ॅलोकेटेबल आपोआप नव्या आकाराचा होतो. `ए(:) = बी` लिहिलं तर होत नाही; तिथे आकार जुळवणं तुमची जबाबदारी. अ‍ॅरे वाढवायचा असेल तर नवा मोठा अ‍ॅरे घ्या, जुना मजकूर त्यात भरा आणि 'मूव्ह_अ‍ॅलॉक'नं नाव बदला, म्हणजे दुसरी प्रत टळते.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. अ‍ॅलोकेटेबल आर्ग्युमेंटला `इंटेंट(आउट)` दिलंत तर सबरूटीनमध्ये शिरताक्षणी तो मोकळा केला जातो. आतला जुना डेटा वापरायचा असेल तर `इंटेंट(इनआउट)` हवं. ज्या टाइपमध्ये अ‍ॅलोकेटेबल घटक आहेत त्यालाही हेच लागू, आणि तिथे ते चटकन दिसत नाही.

10. छोट्या ग्रिडवर चालतं, मोठ्या ग्रिडवर सेगमेंटेशन फॉल्ट. मेमरी तर भरपूर आहे!

आधी `-एफचेक=ऑल` लावून हद्दीबाहेरचा इंडेक्स नाही ना ते पाहा. तो नसेल तर बहुधा स्टॅक, म्हणजे स्थानिक व्हेरिएबलची मर्यादित मेमरी, भरला. लिनक्सवर स्टॅक साधारण 8 एमबी असतो, मशीनची रॅम कितीही असो. इंटेलचा कंपायलर आपोआप आकार घेणारे स्थानिक अ‍ॅरे आणि तात्पुरत्या प्रती स्टॅकवर ठेवतो. `-हीप-अ‍ॅरेज` दिलं की त्या हीपवर, म्हणजे बाकीच्या मोकळ्या मेमरीत, जातात.

जीफोर्ट्रानचं वागणं वेगळं. ठराविक आकाराचे मोठे स्थानिक अ‍ॅरे तो एरवी कायमच्या मेमरीत ठेवतो, पण `-एफओपनएमपी` (ओपनएमपी, म्हणजे थ्रेड वापरून समांतर चालवण्याची सोय) दिलं की स्टॅकवर आणतो, कारण प्रत्येक थ्रेडला स्वतःची प्रत हवी. म्हणून एकही ओळ न बदलता, फक्त ओपनएमपी चालू केल्यावर प्रोग्राम पडतो. `-ओफास्ट`ही आपोआप आकार घेणारे अ‍ॅरे स्टॅकवर टाकतं. `युलिमिट -एस अनलिमिटेड` ही मुख्य थ्रेडपुरती मलमपट्टी. बाकीच्या थ्रेडसाठी 'ओएमपी_स्टॅकसाइझ' वाढवावं लागतं. मोठा अ‍ॅरे अ‍ॅलोकेटेबल केला की यातलं काही करावं लागत नाही.

11. फंक्शन पहिल्यांदा बरोबर उत्तर देतं, दुसऱ्या कॉलला चुकीचं. असं कसं?

घोषणेच्या ओळीतच किंमत दिली आहे ना? `इंटिजर :: मोजणी = 0` अशी? सी किंवा जावामध्ये याचा अर्थ 'दर वेळी शून्यापासून'. फोर्ट्रानमध्ये ती किंमत एकदाच, प्रोग्राम सुरू होताना मिळते, आणि त्या व्हेरिएबलला न लिहिताच 'सेव्ह' लागतं. दुसऱ्या कॉलला मोजणी मागच्या आकड्यापासून पुढे जाते. घोषणा वेगळी आणि `मोजणी = 0` खालच्या स्वतंत्र ओळीवर लिहा. पॉइंटरला घोषणेत `=> नल()` दिलं तरी हेच होतं.

स्वतःच्या टाइपच्या आत घटकाला दिलेली सुरुवातीची किंमत मात्र या नियमात येत नाही. ती त्या टाइपचं नवं स्थानिक व्हेरिएबल बनताना दर वेळी लागू होते. दिसायला दोन्ही सारखंच, म्हणून गोंधळ. थ्रेड वापरत असाल तर 'सेव्ह' झालेलं व्हेरिएबल सगळ्या थ्रेडमध्ये सामायिक होतं, आणि मग उत्तर दर रनला बदलतं.

12. `इफ (प्रेझेंट(एक्स) .अँड. एक्स > 0)` कधी चालतं, कधी क्रॅश होतं. का?

फोर्ट्रानमध्ये 'अँड'ची डावी बाजू खोटी निघाली तर उजवी तपासायची नाही असं बंधन कंपायलरवर नाही. तो दोन्ही बाजू काढू शकतो, कोणत्याही क्रमानं. आर्ग्युमेंट दिलेलंच नसताना एक्सला हात लागला की क्रॅश. एकात एक दोन इफ लिहा. 'अलोकेटेड' आणि इंडेक्सच्या तपासणीलाही हेच.

न दिलेलं ऑप्शनल आर्ग्युमेंट पुढच्या सबरूटीनच्या ऑप्शनल जागी तसंच पाठवायला मात्र हरकत नाही. तिथेही ते 'दिलेलं नाही' असंच मानलं जातं.

13. प्युअर आणि एलिमेंटल नेमकं कधी लिहावं?

बाहेरचं काही बदलत नाही, फाइल वाचत-लिहीत नाही अशा प्रत्येक छोट्या फंक्शनला प्युअर लिहा. कंपायलर तुमचं वचन तपासतो, आणि डू कॉन्करंटमध्ये (प्रश्न 14) फक्त प्युअरच कॉल करता येतात. डीबग करताना मध्येच प्रिंट टाकता येत नाही ही अडचण खरी आहे. 2018 पासून निदान 'एरर स्टॉप' चालतं.

एलिमेंटल म्हणजे एका आकड्यासाठी लिहिलेलं फंक्शन कोणत्याही मितीच्या अ‍ॅरेवर आपोआप चालणं. संपृक्त बाष्पदाबाचं सूत्र एका तापमानासाठी लिहिलं की पूर्ण त्रिमितीय क्षेत्राला तेच लागतं.

'व्हेअर'शी जोडी जमवताना एक खोच आहे. `व्हेअर (एक्स > 0) वाय = लॉग(एक्स)` मध्ये लॉग फक्त धन घटकांवर चालतो, कारण तो एलिमेंटल आहे. पण तिथेच उजवीकडे `सम(लॉग(एक्स))` लिहिलं तर सम एलिमेंटल नाही, म्हणून त्याच्या आतला लॉग सगळ्या घटकांवर चालतो, ऋण असलेल्यांवरही. उत्तरात एनएएन ('हा आकडाच नाही' अशी खूण) येतो आणि तुम्ही मास्ककडे बघत बसता.

14. डू कॉन्करंट लिहिलं, तरी वेग तसाच. मग फायदा काय?

डू कॉन्करंट ही समांतर चालवण्याची आज्ञा नाही. फेऱ्या कोणत्याही क्रमानं चालल्या तरी उत्तर तेच येईल, अशी ती तुम्ही दिलेली हमी आहे. तिचा उपयोग करायचा की नाही हे कंपायलर ठरवतो. एनव्हीफोर्ट्रानमध्ये `-एसटीडीपार=जीपीयू` दिलं तर तेच लूप जीपीयूवर जातं, `=मल्टिकोर` दिलं तर कोअरवर. जीफोर्ट्राननं नुसतंच कंपाइल केलं तर ते साध्या लूपइतकाच वेळ घेईल.

हमी खोटी निघाली तर कंपायलर ओरडत नाही. आतलं तात्पुरतं व्हेरिएबल 'लोकल' म्हणून सांगा, ही सोय 2018 ची. बेरीज साठवायची असेल तर 2023 चं 'रिड्यूस' लागतं. ते तुमच्या कंपायलरमध्ये नसेल तर बेरजेची लूप साधीच ठेवा किंवा ओपनएमपी वापरा.

15. समांतर प्रोग्रामसाठी को-अ‍ॅरे शिकू की एमपीआय?

नोकरी किंवा पीएचडीसाठी एमपीआय, म्हणजे प्रोसेसनी एकमेकांना संदेश पाठवण्याची पद्धत. मोठी मॉडेल त्यावरच उभी आहेत आणि क्लस्टरवर ते असतंच.

पण को-अ‍ॅरे सुंदर आहेत, आणि समांतर विचार शिकायला याहून सोपं काही नाही. `एक्स(10)[3]` म्हणजे तिसऱ्या इमेजवरच्या (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या तिसऱ्या प्रतीतल्या) एक्सचा दहावा घटक. पाठवा-घ्याची जोडी नाही, बफर नाही, डेटाटाइपची यादी नाही. 'सिंक ऑल' कुठे लावायचं एवढं कळलं पाहिजे. दुसऱ्यानं लिहून होण्याआधी वाचलं तर जुनी किंमत मिळेल. जीफोर्ट्रानमध्ये `-एफकोअ‍ॅरे=सिंगल` दिलं की एकाच इमेजवर चालतं. खऱ्या अनेक इमेजसाठी ओपनकोअ‍ॅरेज ही लायब्ररी जोडता येते, आणि तिच्या खाली बहुधा एमपीआयच असतं.

16. आमचा कोड क्लास-ऑब्जेक्टमध्ये बदलावा असं गाइड म्हणतात. बदलू का?

पूर्ण नको. संबंधित व्हेरिएबल एका टाइपमध्ये बांधा, त्यावर चालणारी सबरूटीन त्याच टाइपला जोडा. 20 आर्ग्युमेंटची यादी दोनवर येते, हा फायदा ताबडतोब दिसतो. वारसा आणि 'क्लास' तिथेच, जिथे चालू प्रोग्राममध्ये पर्याय निवडायचा आहे, उदाहरणार्थ तीन वेगळे टाइम-स्टेपर.

सगळ्यात आतल्या लूपमध्ये 'क्लास'वरचा कॉल ठेवू नका. कोणतं फंक्शन चालणार हे धावताना ठरतं, त्यामुळे कंपायलरला ते इनलाइन करता येत नाही. तसंच कणांचा सिम्युलेशन कोड असेल तर 'कण' टाइपचा अ‍ॅरे करण्यापेक्षा एका टाइपमध्ये एक्स, वाय, झेडचे तीन लांब अ‍ॅरे ठेवा. व्हेक्टर गणिताला ते मानवतं.

एक नेहमीची अडचण: `क्लास(आकृती), अलोकेटेबल :: यादी(:)` मध्ये वर्तुळ आणि चौकोन एकत्र ठेवता येत नाहीत. पूर्ण अ‍ॅरेचा धावतानाचा टाइप एकच असतो. एक छोटा वेष्टन-टाइप करा, ज्यात एकच अ‍ॅलोकेटेबल 'क्लास' घटक असेल, आणि त्या वेष्टनाचा अ‍ॅरे घ्या.

17. नमपायच्या अ‍ॅरेवर माझं फोर्ट्रान सबरूटीन चालवायचंय. कसं?

एफटूपाय, म्हणजे फोर्ट्रान पायथनला जोडणारं साधन. साधे अ‍ॅरे आणि आकडे असतील तर एका कमांडचं काम. इंटेंट नीट लिहिलेले असले की `इंटेंट(आउट)` ची आर्ग्युमेंट पायथनमध्ये फंक्शनचं उत्तर म्हणून मिळतात. नमपायचा नेहमीचा अ‍ॅरे ओळीप्रमाणे साठवलेला असतो, म्हणून दोन किंवा अधिक मितींचा असेल तर आत जाताना त्याची प्रत निघते. `इंटेंट(इनआउट)` असेल तर प्रत न काढता सरळ एररच येतो. पायथनच्या बाजूला अ‍ॅरे फोर्ट्रान क्रमात बनवा, दोन्ही मिटतं.

टाइप किंवा क्लास वापरत असाल तर एफटूपायच्या नादी लागू नका. 'आयएसओ सी बाइंडिंग'नं `बाइंड(सी)` असलेलं साधं आवरण लिहा आणि पायथनच्या सीटाइप्समधून बोलवा. सीकडून आलेला साधा आकडा घेताना 'व्हॅल्यू' विसरलात तर आकड्याऐवजी तो पत्ता समजला जातो आणि प्रोग्राम लगेच पडतो.

18. अनफॉरमॅटेड फाइल पायथनमध्ये वाचली तर सुरुवातीला आणि मध्येमध्ये कचरा येतो.

तो कचरा नाही. सिक्वेन्शियल फाइलमध्ये प्रत्येक रेकॉर्डच्या आधी आणि नंतर लांबी लिहिलेली असते, जीफोर्ट्रानमध्ये एरवी 4-4 बाइट. नवीन फाइल लिहिताना `अ‍ॅक्सेस='स्ट्रीम'` वापरा, म्हणजे फक्त तुमचा डेटा जाईल. डायरेक्ट अ‍ॅक्सेसमध्ये वेगळा सापळा आहे: रेकॉर्डची लांबी जीफोर्ट्रान बाइटमध्ये मोजतो, इंटेल मुळात 4 बाइटच्या शब्दांत. आकडा हातानं लिहू नका, 'इन्क्वायर'ला आयओलेंग्थ विचारा.

19. ऑप्टिमायझेशन बंद असताना उत्तर बरोबर, `-ओ2` ला चूक. कंपायलरमध्ये बग आहे ना?

असूही शकतो, पण आधी दोन संशयित तपासा.

पहिला, किंमत न दिलेलं व्हेरिएबल. `-एफइनिट-रिअल=एसनॅन` आणि `-एफएफपीई-ट्रॅप=इन्व्हॅलिड` एकत्र लावा; वापर झाला त्या ओळीवरच प्रोग्राम थांबतो.

दुसरा, एकच अ‍ॅरे दोन आर्ग्युमेंटच्या जागी. `कॉल स्मूथ(ए, ए)`, पहिला इन, दुसरा आउट. दोन नावांची मेमरी वेगळी आहे असं धरायची फोर्ट्रानमध्ये कंपायलरला मुभा आहे, आणि त्याच्या वेगाचं मोठं कारणही हेच. ऑप्टिमायझेशन चालू झालं की तो वाचणं-लिहिणं मागेपुढे करतो आणि तुमचं उत्तर बिघडतं. `कॉल स्मूथ((ए), ए)` लिहा. जास्तीच्या कंसामुळे पहिलं आर्ग्युमेंट राशी (एक्स्प्रेशन) ठरतं आणि त्याची वेगळी प्रत जाते. मॉड्यूलमधलं व्हेरिएबल 'यूज' करून शिवाय आर्ग्युमेंट म्हणूनही पाठवलं तर तीच गत, आणि ते शोधायला जास्त अवघड, कारण कॉलच्या ओळीत काही वावगं दिसत नाही.

20. `-ओफास्ट` लावल्यापासून एनएएनची तपासणी कामच करत नाही. उत्तरात एनएएन दिसतोय, पण तपासणी 'नाही' म्हणते.

`-ओफास्ट`मध्ये `-एफफास्ट-मॅथ` येतं, आणि त्यात एनएएन कधी येणारच नाही असं कंपायलर गृहीत धरतो. मग `एक्स /= एक्स` ही जुनी युक्ती काय आणि 'आयईईई_इज_नॅन' काय, दोन्ही 'खोटं' ठरवून काढून टाकली जाऊ शकतात. बेरजेचा क्रमही बदलण्याची मुभा मिळते, त्यामुळे कहानची, म्हणजे राउंडिंगच्या चुकीची भरपाई करणारी, बेरीज साध्या बेरजेइतकीच होऊन बसते, कारण बीजगणितानं ती भरपाई शून्यच असते. `-ओ2` किंवा `-ओ3` वर या. वेगासाठी एखाद्या फाइलला फास्ट-मॅथ हवंच असेल तर फक्त तिलाच द्या, आणि एनएएन तपासणारं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये, त्या पर्यायाशिवाय कंपाइल करा.